सवलतीचा फास : सोलापूरचे वालचंद आणि बोटींची मक्तेदारी

रंगूनहून तांदूळ पाठवणारा एखादा व्यापारी डोळ्यांसमोर आणावा. सहा महिन्यांत त्याने ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींना ५० हजार रुपये भाडं दिलं, असं धरू. कंपनी म्हणे, यातले दहा टक्के, म्हणजे ५ हजार, तुम्हाला परत मिळतील. मात्र आज नाही. पुढचे सहा महिने सगळा माल आमच्याच बोटींनी पाठवा, मग घेऊन जा. ते सहा महिने सरेपर्यंत आणखी ५ हजार जमा झालेले असत आणि ते सोडवायला पुन्हा सहा महिने. मधेच दुसऱ्या कंपनीची बोट धक्क्याला लागली, तिचं भाडं कमी आहे म्हणून शंभर पोती तिच्यावर चढवली, की आधीची सगळी रक्कम बुडाली. भाडं व्यापाऱ्याने भरलेलं, सवलतही त्याचीच, पण ती कायम कंपनीच्या तिजोरीत ओलीस. नव्या बोटवाल्याने कितीही स्वस्त दर सांगितला तरी त्या ५ हजारांवर पाणी सोडायला कोण तयार होणार?

या पद्धतीला डिफर्ड रिबेट म्हणत. १८७० च्या दशकात कलकत्ता मार्गावरच्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवलेल्या दरांबरोबर ती रुजली. अशा संगनमताला 'कॉन्फरन्स' असं सभ्य नाव मिळालं, आणि पुढची पन्नास वर्षं हिंदुस्थानच्या बंदरांत कोणाची बोट जगेल आणि कोणाची बुडेल हे मोठ्या प्रमाणात त्यावर ठरलं. फेब्रुवारी १९२९ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात ही पद्धत बेकायदा ठरवणारं एक विधेयक आलं. मक्तेदारीच्या एका विशिष्ट व्यवहारावर थेट बोट ठेवणारा तो हिंदुस्थानातला फार लवकरचा प्रयत्न होता. तो मांडणारे गृहस्थ ज्या कंपनीत वरिष्ठ पदावर होते, तिच्या संस्थापकांतली सर्वांत झुंजार व्यक्ती समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, सोलापुरात जन्मली होती.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणं दिगंबर जैन, मूळचं सौराष्ट्रातलं, घरात गुजराती, बाजारात आणि शाळेत मराठी. कापसाचा व्यापार आणि सावकारी ही घरची कामं. १८६० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापूरला पोचली, १८७७ मध्ये कापडगिरणी उभी राहिली आणि या दख्खनी गावाचा व्यापार मुंबईच्या बंदराशी बांधला गेला. वडील हिराचंद नेमचंद हे नुसते पेढीवर बसणारे नव्हते. समाजसुधारणेची ओढ असलेल्या या माणसाने १८८४ मध्ये सोलापुरातून 'जैन बोधक' हे मराठी मासिक सुरू केलं. शहरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय आजही त्यांचं नाव सांगतं. आपलं म्हणणं समाजात रुजवायचं तर छापायला हवं आणि छापायचं तर कोणीतरी पदरचे पैसे घालायला हवेत, हे वालचंदांनी लहानपणापासून घरातच पाहिलं असणार.

कॉलेज अर्धवट सोडून वालचंद घरच्या धंद्यात आले आणि लवकरच त्यातून बाहेरही पडले. लक्ष्मण बळवंत फाटक हे रेल्वेतले माजी कारकून. त्यांच्या भागीदारीत वालचंदांनी रेल्वेची कंत्राटं घ्यायला सुरुवात केली, आणि पहिलं मोठं काम मिळालं ते घरच्या जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेचं. अरुंद रुळांची ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डूवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली होती. तिने बार्शीच्या धान्य आणि कापसाच्या पेठेचं रूपच पालटलं. मालाच्या किमतीइतकाच त्याच्या वाहतुकीचा दर व्यापाऱ्याला तारतो किंवा मारतो, हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा नव्हती.

पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. बोटींचा तुटवडा होता, भाडी भडकली होती. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी युद्धात रुग्णनौका म्हणून दिलेली 'लॉयल्टी' विक्रीला निघाली. ही मूळची कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी ती घेतली, २७ मार्च १९१९ ला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली आणि ५ एप्रिलला 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. हा दिवस आज देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. लवकरच ब्रिटनमधल्या पॅलेस शिपिंग कंपनीच्या सहा बोटीही सिंदियाने विकत घेतल्या.

बोटी घेणं सोपं होतं. त्या भरणं अवघड होतं, आणि त्याचे दाखले डोळ्यांसमोर होते.

१८९३ मध्ये जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीला हाताशी धरून मुंबई ते जपान अशी बोट सुरू केली होती. चीन-जपानला सूत पाठवणारे मुंबईचे गिरणीमालक पी. अँड ओ. कंपनीच्या दरांनी मेटाकुटीला आले होते. टाटांनी दर उतरवले, तशी पी. अँड ओ. ने ते दीड रुपया टनापर्यंत खाली ओढले. ज्या गिरणीवाल्यांनी टाटांना साथ द्यायचं कबूल केलं होतं, त्यांतले बरेच जण स्वस्त दर बघून माघारी फिरले. टाटांची बोट बंद पडली. या झगड्यात जमशेटजींनी एक गोष्ट केली ती मक्तेदारीविरुद्धचा प्रचार कोणाच्या पैशाने होतो या प्रश्नाला जवळची आहे. त्यांनी 'द वॉर ऑफ फ्रेट्स' नावाची पुस्तिका काढली. सरकारकडून टपालाच्या करारापोटी पैसा घेणारी कंपनी त्याच बळावर इथल्या स्पर्धकाला चिरडते, ही त्यांची तक्रार होती. या तक्रारीमागे स्वतः पीडित व्यापारी उभा होता आणि तिचा खर्चही त्याचाच होता. पुस्तिकेवर कोणी आक्षेप घ्यायचा ठरवला, तरी ती कोणाच्या हिताची आहे हे शोधायला फार लांब जावं लागत नव्हतं.

तुतिकोरिनला तर याहून वाईट घडलं. १९०६ मध्ये व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी लोकांकडून भागभांडवल गोळा करून स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि कोलंबोला बोटी सोडल्या. ब्रिटिश इंडियाने प्रवासभाडं नावापुरतं केलं. १९०८ मध्ये पिल्लै राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले आणि कंपनी मोडली.

सिंदियाच्या समोर तीच ब्रिटिश इंडिया उभी होती, फक्त आणखी मोठी. १९१४ मध्ये पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया एक झाल्या होत्या, आणि दोन्हींची सूत्रं जेम्स मॅके, म्हणजे लॉर्ड इंचकेप, यांच्या हातात होती. रंगूनचा तांदूळ, ब्रह्मदेशचं सागवान, कलकत्त्याचा कोळसा यांवर किनारी बोटी चालत. सिंदिया या मार्गांवर उतरताच भाड्यांची घसरगुंडी सुरू झाली. रिबेटची बेडी होतीच. तोटा खाऊन किती दिवस तग धरता येतो, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्यात लंडनची तिजोरी मुंबईच्या तिजोरीपेक्षा खोल होती. इंचकेपांनी कंपनी विकत घेण्याची तयारी दाखवली. ती नाकारल्यावर १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने ७५ हजार टनांपलीकडे बोटी वाढवायच्या नाहीत, किनारी मालवाहतुकीबाहेर पडायचं नाही, परदेशी मार्ग आणि उतारू वाहतूक यांना हात लावायचा नाही. बदल्यात सिंदियाला कॉन्फरन्समध्ये जागा मिळाली. वालचंदांच्या मनाला हा करार आयुष्यभर टोचत राहिला.

इथे थोडं थांबायला हवं. या करारामुळे सिंदिया स्वतःच त्या संगनमताची सभासद झाली होती. बाहेरच्या बोटवाल्याला रोखणारी भिंत आता तिचंही रक्षण करत होती. मक्तेदारीविरोधी कायद्याची मागणी जिने केली ती कंपनी आतून बोलत होती, बाहेर ताटकळणाऱ्या छोट्या माणसाच्या जागेवरून नव्हे. पुढचं सगळं समजून घेताना हे विसरून चालत नाही.

मागणी पुढे नेण्यासाठी जी यंत्रणा उभी राहिली तिचे अनेक धागे वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातात होते. १९२७ हे वर्ष त्यात महत्त्वाचं. त्या साली फेडरेशन ऑफ इंडियन चेंबर्स ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे फिक्की, स्थापन झाली. १९३२-३३ मध्ये वालचंद तिचे अध्यक्ष झाले. त्याच १९२७ मध्ये त्यांनी पुढाकार घेऊन महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स काढलं. मुंबईच्या बड्या पेढ्यांबाहेरच्या, सोलापूरसारख्या गावांतल्या व्यापाऱ्यांनाही एक व्यासपीठ मिळालं. १९३० च्या सुमारास हिंदी बोटकंपन्यांची स्वतंत्र संघटना उभी राहिली, आणि तिच्यात सिंदियाचं वजन सर्वांत जास्त होतं. एस. सदानंद यांच्या 'फ्री प्रेस ऑफ इंडिया' या वृत्तसंस्थेच्या संचालकांत वालचंद आणि घनश्यामदास बिर्ला होते. कंपनीचे मनसुखलाल मास्टर आकडेवारीने ठासून भरलेली निवेदनं लिहीत, भाषणं देत, समित्यांपुढे साक्ष देत.

आणि साराभाई नेमचंद हाजी. १९२४ मध्ये त्यांनी 'इकॉनॉमिक्स ऑफ शिपिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हाजी अभ्यासक होते, वक्ते होते, सिंदियाचे पगारी अधिकारी होते आणि मध्यवर्ती विधिमंडळाचे निवडून आलेले सभासदही होते. म्हणजे तक्रार करणारी कंपनी, तिच्या बाजूचं पुस्तक लिहिणारा विद्वान आणि तिला हवा तो कायदा मांडणारा लोकप्रतिनिधी, हे सगळं एकाच माणसात एकवटलं होतं. आजच्या वाचकाच्या भुवया इथे उंचावतील. त्या काळी हे लपवलेलं नव्हतं, विरोधकही ते उघड बोलून दाखवू शकत होते. परंतु उघड असलं म्हणून त्याचा परिणाम झाला नाही, असं होत नाही.

समोरच्या बाजूचा पैसा मात्र तितका दिसत नसे. कलकत्त्यात ब्रिटिश इंडियाचे मॅनेजिंग एजंट मॅकिनन मॅकेन्झी अँड कंपनी. इंचकेप स्वतः बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सचे माजी अध्यक्ष, लंडनच्या इंडिया कौन्सिलचे माजी सभासद. सिंदियाशी झुंज चालू असतानाच, १९२२-२३ मध्ये, हिंदुस्थान सरकारच्या खर्चात कपात सुचवणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. ती समिती आजही इंचकेप समिती म्हणूनच ओळखली जाते. युरोपियन व्यापाऱ्यांच्या चेंबर्सना विधिमंडळात राखीव जागा होत्या. शिवाय टपाल वाहून नेण्याचे करार ब्रिटिश इंडियाकडे होते, आणि त्यांचे पैसे सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या रयतेच्या करातून जात. सिंदिया आपल्या भागधारकांच्या पैशांवर प्रचार करत होती. तिचा प्रतिस्पर्धी ज्या कंपनीच्या जोरावर त्या प्रचाराला उत्तर देत होता, तिला सरकारी पैशाचाही आधार होता. या दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजणं अन्यायाचं ठरेल.

हाजींनी विधेयकं दोन आणली, आणि नेमका इथे घोटाळा झाला. १९२८ च्या विधेयकात किनारी वाहतूक हिंदी मालकीच्या बोटींसाठी राखून ठेवायची तरतूद होती. १९२९ च्या विधेयकात डिफर्ड रिबेट बंद करायचा होता. भाषणांतून, पुस्तिकांतून, ठरावांतून ही दोन्ही जोडीनेच येत. लोकांच्या मनातही ती एकाच लढ्याची दोन शस्त्रं ठरली. प्रत्यक्षात त्यांचे स्वभाव अगदी निराळे होते. रिबेटबंदीमुळे कुठल्याही नव्या बोटवाल्याला, मग तो चितगावचा असो की रत्नागिरीचा, माल मिळवायची संधी मिळाली असती. तिचा पहिला लाभ व्यापाऱ्याला होता. किनारा राखीव झाल्याचा पहिला लाभ, त्या घडीला ज्या हिंदी कंपनीकडे सर्वांत जास्त बोटी होत्या, तिला होता. एका विधेयकाने दार उघडणार होतं, दुसऱ्याने एकाच्या तोंडावर बंद होऊन दुसऱ्यासाठी उघडं राहणार होतं.

किनारा राखून ठेवण्यात गैर काही नव्हतं. अमेरिकेसह अनेक देश ते करत होते. १९२३-२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या मर्कंटाइल मरीन समितीनेही, जिचे अध्यक्ष रॉयल इंडियन मरीनचे कॅप्टन हेडलम होते, परवान्यांच्या मार्गाने त्याच दिशेची शिफारस केली होती. गुलाम देशाला आपल्या किनाऱ्यावर आपली बोट हवी, ही मागणी न्याय्य होती. पण ती राष्ट्रीय धोरणाची मागणी होती. मक्तेदारीविरोधी कायद्याची मागणी वेगळी होती, आणि ती जास्त अडचणीची होती, कारण ती उद्या हिंदी मक्तेदारालाही लागू पडली असती.

रिबेटबंदीच्या विरोधकांकडे युक्तिवाद नव्हते असंही नाही. १९०६ ते १९०९ या काळात लंडनमध्ये 'शिपिंग रिंग्ज'वर शाही आयोग बसला होता. त्याच्या बहुमताने सांगितलं की बोट ठरल्या दिवशी सुटायला हवी, मग माल अर्धाच भरलेला असला तरी. हंगामात येऊन मलई खाणारा आणि पावसाळ्यात गायब होणारा उपटसुंभ बोटवाला नियमित सेवा देणाऱ्याला बुडवतो. रिबेट हे त्याविरुद्धचं संरक्षण आहे. हा मुद्दा खोटा नव्हता. धान्याच्या व्यापाऱ्याला वेळेवर सुटणारी बोट हवीच असते. परंतु त्याच आयोगातल्या अल्पमताला हे पटलं नव्हतं. १९११ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कायदा केला की अशी रिबेट देणाऱ्या कंपनीला सरकारी टपालाचा करार मिळणार नाही. १९१६ च्या शिपिंग ॲक्टने अमेरिकेने डिफर्ड रिबेट सरळ बेकायदा ठरवला. या दोन्ही देशांत बोटी वेळापत्रकानुसार सुटत राहिल्या. दक्षिण आफ्रिकेचा उपाय हिंदुस्थान सरकारला उद्या सकाळी करता आला असता, कारण टपालाचे करार त्याच्याच हातात होते. त्याने तो केला नाही.

दिल्लीत युरोपियन सभासदांनी आणि सरकारने दोन्ही विधेयकांवर एकच ठप्पा मारला : भेदभाव. किनारा राखण्याबद्दल तो आरोप निदान वादाचा विषय होऊ शकत होता. रिबेटबंदी तर सगळ्यांना सारखी लागू होणारी होती, तिच्यात भेदभाव शोधूनही सापडला नसता. पण दोन्ही विधेयकं एकाच कंपनीच्या गोटातून, एकाच माणसाच्या हातून आली होती आणि एकत्र प्रचारली गेली होती. त्यामुळे एकावरचा आरोप दुसऱ्याला चिकटवणं सोपं गेलं. सिंदियाने प्रचाराला पैसा पुरवला नसता तर रिबेटचा प्रश्न दिल्लीपर्यंत पोचलाच नसता, हे खरं. तो प्रश्न सिंदियाच्या स्वार्थापासून वेगळा दिसू शकला नाही, हेही तितकंच खरं.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या लाटेत काँग्रेसचे सभासद विधिमंडळातून बाहेर पडले. त्या मे महिन्यात सोलापुरात गोळीबार झाला, लष्करी कायदा लागला. पुढच्या जानेवारीत चार सोलापूरकर फासावर गेले. अशा दिवसांत बोटींच्या सवलतीवर कोण बोलणार? विधेयकं कायदा न होताच संपली. मार्च १९३१ मध्ये गांधीजींनी 'यंग इंडिया'त 'द जायंट अँड द ड्वॉर्फ' या मथळ्याचा लेख लिहिला आणि बलाढ्य आणि दुबळा यांना समान वागणूक देण्यात समता कशी नसते ते किनारी वाहतुकीच्याच संदर्भात मांडलं. हिंदी बोटींना मिळालेला हा सर्वांत मोठा पाठिंबा, आणि तो सिंदियाच्या तिजोरीतून आलेला नव्हता. तरीही गांधीजींच्या लेखात जोर राष्ट्रीय हक्कावर होता. रिबेटचा फास मागे पडला तो पडलाच.

१९३५ च्या गव्हर्नमेंट ऑफ इंडिया ॲक्टमध्ये ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करणारा कायदा करता येणार नाही अशी कलमं, १११ पासून १२१ पर्यंत, घालण्यात आली. बोटींसाठी त्यांत स्वतंत्र तरतूद होती. हाजी विधेयकाला लंडनने दिलेलं ते कायमचं उत्तर होतं, अशी तेव्हाच्या हिंदी व्यापाऱ्यांची भावना होती आणि ती चुकीची नव्हती.

दरम्यान सिंदिया वाढत होती. १९३४ मध्ये सर जोसेफ भोर यांच्या मध्यस्थीने ब्रिटिश आणि हिंदी कंपन्यांत किनारी मालाची नवी वाटणी झाली. चितगावच्या व्यापाऱ्यांनी काढलेली बंगाल बर्मा स्टीम नॅव्हिगेशन ब्रिटिश इंडियाच्या दरयुद्धात घायाळ होऊन सिंदियाच्या आश्रयाला आली. कोकण किनाऱ्यावर उतारू नेणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन सिंदियाच्या ताब्यात गेली. १९३७ मध्ये सिंदियाने हज यात्रेकरूंसाठी 'अल मदिना' सोडली तेव्हा त्याच यात्रेकरूंना नेणाऱ्या मोगल लाइनशी पुन्हा दरयुद्ध पेटलं, आणि या वेळी सिंदिया लहान राहिलेली नव्हती. २१ जून १९४१ ला विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. मार्च १९४८ मध्ये तिथेच बांधलेली 'जलउषा' नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. प्रकृती ढासळल्याने वालचंद बाजूला झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला सिद्धपूरला वारले. किनारा हिंदी बोटींसाठी राखीव झाल्याचं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

डिफर्ड रिबेटचं काय झालं? परदेशी मार्गांवर कॉन्फरन्स पद्धत स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. फरक इतकाच, की आता भारतीय कंपन्यांनाही तिच्यात मानाची जागा होती. आत गेलेल्यांनी भिंत पाडायची मागणी पुन्हा केली नाही.

चाळीस वर्षांनी चक्र फिरलं. १९६९ मध्ये औद्योगिक परवान्यांची चौकशी करणाऱ्या सुबिमल दत्त समितीने देशातल्या वीस सर्वांत मोठ्या उद्योगघराण्यांची यादी केली. टाटा, बिर्ला, मफतलाल, थापर यांच्याबरोबर त्या यादीत वालचंद हे घराणं होतं आणि सिंदिया हा वेगळा समूह म्हणूनही होता. त्याच वर्षी मक्तेदारी आणि निर्बंधक व्यापारप्रथा कायदा, म्हणजे एमआरटीपी, संमत झाला. २० कोटींहून जास्त मालमत्ता असलेल्या समूहाला कारखाना वाढवायचा तर सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागू लागली.

या कायद्यावर टीका करणारी यंत्रणा मुंबईत तयारच होती. टाटा समूहाचे ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ ही संस्था काढली होती. तिच्या पुस्तिका गावोगावच्या वाचनालयांत आणि महाविद्यालयांत पोचत. पुढे नानी पालखीवालांची अंदाजपत्रकावरची भाषणं ऐकायला ब्रेबोर्न स्टेडियम भरू लागलं. या सगळ्यामागे मुंबईच्या उद्योगजगताचं पाठबळ होतं, आणि एमआरटीपीचा फटका त्याच उद्योगजगताला बसत होता. डावे पक्ष हे वारंवार सांगत, आणि टीका तिथेच निकालात काढत.

ते करणं चूक होतं. टीकाकारांचा मुख्य मुद्दा असा होता की हा कायदा कंपनीची कृती पाहत नाही, आकार पाहतो. मोठा आहे म्हणून दोषी, असं ठरवल्यावर जो आधीच परवाना घेऊन बसला आहे त्याचं फावतं, कारण त्याच्याशी स्पर्धा करू शकणाऱ्या दुसऱ्या मोठ्यालाही सरकार अडवतं. हा मुद्दा १९२९ च्या रिबेट विधेयकाच्या तत्त्वाशी जुळणारा आहे. त्या विधेयकात ब्रिटिश इंडिया मोठी आहे म्हणून शिक्षा नव्हती, व्यापाऱ्याचे पैसे ओलीस ठेवण्याच्या कृतीला बंदी होती. १९८५ मध्ये मालमत्तेची मर्यादा १०० कोटींवर नेली गेली, १९९१ मध्ये ती तरतूदच काढली गेली. २००२ मध्ये आलेल्या स्पर्धा कायद्याने आकाराऐवजी वर्तनाकडे पाहायचं ठरवलं. सोलापूरच्या घराण्याशी जोडलेल्या १९२९ च्या विधेयकाची दिशा देशाच्या कायद्यात यायला अशी सत्तरेक वर्षं लागली.

एक फरक मात्र नोंदवायला हवा. टाटांच्या पुस्तिकेत, हाजींच्या भाषणात, फोरमच्या प्रकाशनात बोलणारा कोण आणि त्याच्या मागे कोण, हे वाचकाला बऱ्यापैकी कळत असे. ज्यांचं म्हणणं कुठेच छापलं गेलं नाही, ते व्यापारी आणि उतारू होते. रंगूनचा तांदूळवाला, पावसाळा संपल्यावर पहिल्या बोटीने मुंबईला निघणारा रत्नागिरीचा गिरणी कामगार. त्यांच्या नावाने दोन्ही बाजू बोलल्या, त्यांच्या पैशाने मात्र कोणी बोललं नाही, कारण तेवढा पैसा त्यांच्याकडे एकगठ्ठा कधी नव्हताच.

हीच अडचण आजच्या सोलापुरात आहे. इथले टेरी टॉवेल आणि सोलापूरचं डाळिंब कंटेनरमधून परदेशी जातात. २०२१ मध्ये जगभर कंटेनरची भाडी कित्येक पटींनी चढली तेव्हा निर्यातदारांचा नफा त्यातच गेला. बोटकंपन्यांनी एकमेकींच्या बोटींवरची जागा वाटून घ्यायची, या करारांना भारत सरकारने २०१३ पासून वेळोवेळी मुदत वाढवून स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमातून सूट दिली. सुटीमागचं कारण १९०९ च्या शाही आयोगाच्या बहुमताला ओळखीचं वाटलं असतं : नियमित सेवा. सुटीला अटी होत्या. दर संगनमताने ठरवायचे नाहीत, क्षमता मर्यादित करायची नाही, गिऱ्हाइकं वाटून घ्यायची नाहीत. या अटी चांगल्या होत्या. त्या पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचं काम नौवहन महासंचालनालयाचं. बोटकंपन्यांच्या जागतिक संघटनांकडे अर्थतज्ज्ञ आहेत, वकील आहेत, प्रत्येक मुदतवाढीच्या वेळी सादर करायला तयार अहवाल आहेत. टॉवेलच्या कारखानदाराकडे भाड्याची पावती असते.

२०२५ मध्ये संसदेने किनारी नौवहनाचा नवा स्वतंत्र कायदा केला. १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टमधल्या, वालचंद-हाजींच्या मागणीतून उतरलेल्या परवान्यांच्या जुन्या प्रकरणाची जागा त्याने घेतली. भारतीय बोटींचं प्राधान्य त्यात कायम आहे, परदेशी बोटींना परवान्याने येता येतं. कायदा येण्यापूर्वी बोटमालकांच्या संघटनेने आपलं म्हणणं मांडलं, बंदरवाल्यांनी मांडलं. महाराष्ट्र चेंबर आजही आहे, सोलापूरचे व्यापारी त्याचे सभासद आहेत. वालचंदांनी ते १९२७ मध्ये व्यापाऱ्यांचं व्यासपीठ म्हणून काढलं होतं. माल पाठवणाऱ्याच्या बाजूने भाड्याचे दर आणि करारांच्या अटी तपासून त्या जाहीरपणे मांडण्याचं काम तिथे करता येईल. खर्च सभासदांच्या वर्गणीतून व्हावा, आणि कोणी किती दिले हे अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेलं असावं.